व्हीलचेअरवरच्या सासूबाईंना घेऊन केवडिया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ७८ वर्षांच्या. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदलला. घरात वॉकर धरून खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येतात, त्यापुढे नाही. दिवाळीत पुण्याहून नणंद दोन मुलांना घेऊन बडोद्याला येतेय. मुलांना केवडिया, म्हणजे सरदार पटेलांचा पुतळा (स्टॅच्यू ऑफ युनिटी) आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं बघायचंय, सासूबाईंना गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचंय, आणि तुमचे मिस्टर म्हणतात, "आईला कशाला उगाच त्रास, तिला घरीच राहू दे." तिथे व्हीलचेअर मिळते का आणि जंगल सफारी त्यांना झेपेल का, एवढंच तुम्ही विचारलंय.

व्हीलचेअर मिळते. पण त्यामुळे तुमची अडचण सुटत नाही. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते, आणि त्यातले निम्मे पेशंट खुब्याचे नाहीतर गुडघ्याचे. त्यांच्या घरचे सहलीचा विषय काढतात तेव्हा सगळे अंतर विचारतात. केवडिया नव्वद किलोमीटर, पार्किंगपासून किती चालायचं, आत किती चालायचं. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या बाईला दोनशे मीटर काय आणि दोन किलोमीटर काय, सारखंच. फरक पडतो तो ढकलणाऱ्याला. तिचा जीव जातो तो उठण्यात. गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून खुर्चीत, खुर्चीतून बसमध्ये. दर वेळी उभं राहायचं, एका पायावर भार घेऊन वळायचं, आणि मागे काय आहे ते न दिसता बसायचं. पडतात ते तिथेच, चालताना त्या मानाने कमी. पहिल्या चार वेळा छान जमतं, सगळे म्हणतात, "बघा, उगाच घाबरत होतो." दुपारनंतर मात्र मांडीचे स्नायू दमतात आणि तेच उठणं अर्ध्यावर अडकतं.

म्हणून जायच्या आधी तीन-चार दिवस एक काम करा. सकाळपासून रात्रीपर्यंत सासूबाई कितीदा बसल्या जागेवरून उठतात ते कागदावर रेघा मारून मोजा. त्यांना सांगू नका, नाहीतर त्या मुद्दाम जास्त उठतील. आलेला आकडा ही त्यांची दिवसाची पुंजी. सहलीचा दिवस त्या आकड्यात बसवायचा, आणि थोडं शिल्लक ठेवायचं, कारण बाहेरची आसनं घरच्यासारख्या उंचीची नसतात.

या हिशोबाने केवडियाकडे पाहिलं की यादी उलटीपालटी होते. मुलांच्या उद्यानातली न्यूट्री ट्रेन घ्या. घरच्यांना वाटतं, आजीला त्यात बसवू, गाडी फिरवून आणेल, मजेत होईल. पण ती गाडी फलशाका गृहम, पायोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण, स्वस्थ भारतम अशा स्थानकांवर थांबते. दर ठिकाणी उतरून आत जायचं, मग पुन्हा चढायचं. म्हणजे दहा वेळा उठबस, आणि तीही डब्याच्या अरुंद दारातून. आजींसाठी यापेक्षा दमवणारी जागा त्या परिसरात दुसरी नसेल. मुलांना मात्र पाठवा, त्यांना आवडतं.

उलट पुतळ्याची व्ह्यूइंग गॅलरी. ती सुमारे १५३ मीटर उंचीवर, म्हणून सगळ्यांना वाटतं की हे म्हाताऱ्या माणसांचं काम नाही. पण वर जाते ती लिफ्ट. माणूस खुर्चीत बसलेलाच वर जातो आणि बसलेलाच खाली येतो. उठबस शून्य. अडचण आहे ती रांगेची आणि वरच्या गर्दीची, कारण एका वेळी दोनशेपर्यंत माणसं वर असू शकतात. तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं. सकाळचा पहिला किंवा दुसरा स्लॉट घ्या, आणि व्हीलचेअर वर सोडतायत ना, हे तिकीट काढण्याआधी विचारा. धरण आणि नर्मदेचं पात्र वरून बघायची सासूबाईंना हौस असेल तर जरूर न्या. नसेल तर नका नेऊ. खाली चौथऱ्यातलं प्रदर्शन गार हवेत, सपाट फरशीवर, आरामात बघता येतं. शिल्पकार राम सुतार आपले धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, हे तिथे त्यांना आवर्जून सांगा. माझ्या अनुभवात या वयाच्या मराठी बायकांना पुतळा १८२ मीटरचा आहे यापेक्षा हे ऐकून जास्त बरं वाटतं.

जंगल सफारीचं तुम्ही खास विचारलंय, तर माझं स्पष्ट मत: नको. ते प्राणिसंग्रहालय डोंगराच्या अंगावर सात पातळ्यांवर वसवलंय, २९ मीटरपासून १८० मीटर उंचीपर्यंत. खुर्ची चढावर ढकलणं एक वेळ तरुण माणसाला जमेल, पण उतारावर खुर्ची धरून ठेवणं हे खरं कष्टाचं काम, आणि तुमच्यात ते करणारे एकटे तुमचे मिस्टर. आतल्या इलेक्ट्रिक गाडीने चढ वाचतो, पण मग पिंजऱ्यापाशी उतरा, पुन्हा चढा. मुलं, नणंद आणि एक मोठं माणूस सफारीला जातील तेव्हा सासूबाईंनी खोलीत आडवं व्हावं. क्रूझ बोटही सोडा. बोट आणि धक्का यांच्यामधल्या हलत्या फळीवर वॉकरवाल्या माणसाला मी कधीच जाऊ देत नाही.

आता खोली. एका दिवसात जाऊन यायचं असलं तरी दुपारी तीन-चार तासांसाठी केवडियात एखादी खोली घ्या. खर्च नकोसा वाटतो, "एवढ्यासाठी कशाला" असं होतं. पण सकाळपासून बसून बसून पार्श्वभागावर सतत दाब येतो, पाय खाली लोंबकळून सुजतात. तासभर आडवं झालं की संध्याकाळ हाती लागते. शिवाय ओळखीचं, स्वच्छ, दार लावता येणारं बाथरूम मिळतं, आणि या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

बाथरूमबद्दल सविस्तर लिहिते, कारण प्रश्नात कोणीच ते लिहीत नाही. बाहेर जायचं म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. कोणाला सांगत नाहीत, नुसता घोट घेतल्यासारखा करतात. मग दुपारी चक्कर येते, आणि घरच्यांना वाटतं ऊन लागलं. पाणी प्यायलाच हवं, म्हणून जायची सोय आधी दाखवून द्यायची: "आई, डभोईच्या पुढे अमुक ठिकाणी थांबणार आहोत, मग गरुडेश्वर, मग खोली." वेळ आणि जागा ठाऊक असली की त्या पाणी पितात. चढवता येणारे मोठ्यांचे डायपर मिळतात, प्रवासापुरता एक घालायला हरकत नाही. पण हे मुलाने सुचवायचं नाही. तुम्ही किंवा नणंदेने, एकटीत, आणि आदल्या दिवशी. ऐन निघताना काढलेला विषय म्हणजे अपमान वाटतो आणि मग त्या यायलाच नकार देतात. बीपीसाठी लघवी जास्त करणारी गोळी सकाळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना फोन करून विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणखी एक. बाथरूममध्ये आधार द्यायला बाईमाणूसच लागतं, म्हणून तुम्ही आणि नणंद दोघी एकाच वेळी मुलांबरोबर वर जायचं नाही. एकजण कायम सासूबाईंजवळ. साध्या कमोडची उंची कमी असते, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर तिथेच गडबड होते. कमोडवर ठेवायची उंच सीट वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते, ती गाडीत टाका.

उंचीचा मुद्दा गाडीलाही लागू. बॉल बदललेल्या अनेक पेशंटना सर्जन सांगतात की बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही. तुमच्या सासूबाईंना हे नियम अजून आहेत की सुटले, हे ऑपरेशन कसं केलं यावर ठरतं, तेव्हा सर्जनला विचारून घ्या. नियम असोत नसोत, बुटकी सेडान त्रासाचीच. आणि फार उंच गाडीचं पायदान त्यांना चढता येणार नाही. मधल्या उंचीची, दार मोठं उघडणारी गाडी बघा. घरच्या ज्या खुर्चीतून त्या सहज उठतात तिची उंची टेपने मोजा आणि गाडीच्या सीटची उंची त्याच्या जवळपास आहे का ते बघा. कमी पडली तर घट्ट फोमची उशी, मऊ नको.

बसवायची पद्धत अशी. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा. सीटवर दुकानातली साधी प्लास्टिकची पिशवी पसरा. सासूबाईंनी गाडीकडे पाठ करून मागे सरकायचं, सीटची कड पोटऱ्यांना लागली की एक हात डॅशबोर्डवर, एक सीटच्या पाठीवर ठेवून बसायचं. दार धरायचं नाही, दार हलतं. बसल्यावर मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पिशवीमुळे अंग सरकतं, खुब्याला पीळ पडत नाही. आत बसल्या की पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेकला त्या पुढे घसरतील. उतरताना हेच उलटं. उतरल्यावर लगेच चालवायचं नाही. उभं राहून दहा श्वास, मग वळायचं. बराच वेळ बसून उठल्यावर बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

रेल्वेचा पर्याय कोणीतरी सुचवेलच, कारण बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनहून एकतानगरला (केवडियाचं नवं नाव) ट्रेन आहे आणि मुलांना गंमत वाटते. त्या मेमूच्या (लोकलसारखी गाडी) डब्याचं दार आणि फलाट यांतलं अंतर बघा, मग ठरवा. माझं मत मोटारगाडीलाच. हवं तर मुलांना त्यांच्या आईबरोबर ट्रेनने पाठवा.

केवडियाच्या आत आपली गाडी सगळीकडे जात नाही, बस किंवा स्थानिक बायका चालवतात त्या गुलाबी ई-रिक्षा घ्याव्या लागतात. बसची पहिली पायरी उंच, ई-रिक्षाची सीट बुटकी. दोन्हींत निवडायचं तर बुटक्या सीटवर उशी ठेवता येते, उंच पायरीला काही करता येत नाही. पण त्याआधी पार्किंगवर आणि प्रवेशाजवळ कर्मचाऱ्यांना सरळ सांगा की व्हीलचेअरचा माणूस आहे, गाडी किती जवळ आणता येईल? संकोच करू नका. आणि औषधं, दुपारची गोळी, पाणी, बदलायचे कपडे हे गाडीत सोडू नका, खुर्चीच्या मागच्या पिशवीत ठेवा. मात्र पिशवी जड केलीत तर सासूबाई उठताक्षणी खुर्ची मागे उलटते.

खुर्ची आपलीच न्या, भाड्याने का होईना. तिथली फुकट मिळणारी खुर्ची मिळाली तर मिळाली, पण पार्किंगपासून तिथपर्यंत काय करणार? रावपुऱ्यात किंवा मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास भाड्याची सहज मिळते. घेताना मागची चाकं मोठी असलेलीच घ्या. चारही चाकं लहान असलेली घडीची खुर्ची डिकीत छान बसते, पण फरशीच्या फटीत अडकते, आणि अडकली की आतला माणूस पुढे फेकला जातो. ब्रेक दोन्ही बाजूंचे लावून ढकलून बघा. पायपट्ट्या बाजूला वळतात का बघा, नाहीतर उठताना त्यातच पाय अडकतो. फट किंवा छोटी पायरी आली तर मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची. उतारावर खुर्ची उलटी करायची, ढकलणारा खाली, बसलेल्याची पाठ उताराकडे.

पुतळ्यापर्यंतच्या पुलावर सरकते पट्टे आहेत. खुर्ची पट्ट्यावर घेऊ नका. पट्टा संपतो तिथे पुढची चाकं थबकतात आणि मागून लोक येतच असतात. बाजूने चालत ढकला. सरकत्या जिन्याचा तर विचारच नको, लिफ्ट कुठे आहे ते विचारा.

आणि साडी. सासूबाई पाचवारी नेसत असतील तर पदर खुर्चीच्या चाकात जातो. हळूच जातो, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग एकदम गळ्याशी ओढ बसते. पदर पुढून घेऊन कमरेला खोचायचा, निऱ्या घोट्याच्या वर. त्या तयार असतील तर त्या दिवशी सलवार-कमीज, बाथरूमलाही सोपं. नसतील तर वाद घालू नका. देवदर्शनाला साडीच नेसणार, हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मी पिन घेऊनच बोलते. पायात मागून पट्टा असलेली चप्पल.

दिवस कोणता? सोमवारी पुतळा बंद असतो. शनिवार-रविवार सोडा. ३१ ऑक्टोबरला, सरदारांच्या जयंतीला, तिथे मोठा कार्यक्रम असतो, २०१८ मध्ये उद्घाटनही त्याच दिवशी झालं होतं, तेव्हा त्याच्या आगेमागेही नको. आणि पाडव्यापासून लाभपाचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) अख्खं गुजरात फिरायला निघतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. नणंदेची सुट्टी जुळत असेल तर वसुबारसेच्या आधी या किंवा लाभपाचम उलटल्यावरचा मंगळवार ते गुरुवार धरा. हे अजिबात शक्य नसेल, भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी जायचं ठरलं असेल, तर मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूची: पुतळा सासूबाईंच्या यादीतून काढा आणि त्यांना फक्त गरुडेश्वर करवून आणा.

कारण त्यांनी मागितलंय ते गरुडेश्वर. टेंबे स्वामी १९१४ मध्ये तिथे समाधिस्थ झाले, बडोद्याच्या किती मराठी घरांत दरवर्षी एक फेरी ठरलेली असते. वाटेवरच आहे, म्हणून बहुतेक जण येताना संध्याकाळी थांबू म्हणतात. तसं करू नका. संध्याकाळी त्या इतक्या दमलेल्या असतील की "गाडीतूनच हात जोडते" म्हणतील, आणि तुम्हीही बरं म्हणाल. सकाळी साडेसहाला बडोदं सोडा, पहिला मुक्काम गरुडेश्वर. ऊन नाही, अंगात ताकद आहे. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, नर्मदेचं दर्शन वरूनच. तीर्थ हवं असेल तर मुलांपैकी कोणी तांब्यातून आणेल. मग पुतळा, दहा-साडेदहाचा स्लॉट. एक वाजता जेवण, खोली. त्यांची झोप आणि बाकीच्यांची सफारी एकाच वेळी. चारच्या चहानंतर परत, किंवा रात्री राहणार असाल तर संध्याकाळचा लेझर शो. तो एका जागी बसून बघता येतो, फक्त अंगावर शाल हवी. राहणार नसाल तर लेझर शो सोडा. त्यानंतर नव्वद किलोमीटर म्हणजे घरी पोचायला रात्र, आणि दमलेल्या माणसाला घराच्या पायऱ्या चढवायच्या.

सकाळी निघताना सेवउसळ किंवा फाफडे नकोत. उपमा, केळं, दशमी. डायबेटिस असेल तर खाण्याची वेळ पुतळ्याच्या स्लॉटपेक्षा महत्त्वाची. इन्सुलिन घेत असतील तर ते डॅशबोर्डवर तापत ठेवू नका.

आणि हे सगळं आधी एकदा करून बघा, बडोद्यातच, कमाटीबागेत. हीच गाडी, हीच खुर्ची, हीच साडी, सकाळी दोन तास. गाडीतून उतरणं, खुर्ची उघडणं, म्युझियमच्या बाजूने एक फेरी, कुठेतरी चहा, परत. कोण काय धरतं, कोण गडबडून जातं, सगळं तिथेच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या उठल्या, ऑपरेशनच्या बाजूला नवीन दुखणं नाही, पाय जास्त सुजलेला नाही, तर केवडियाला जायला हरकत नाही. नाहीतर महिनाभर मांडीचे व्यायाम करून जानेवारीत जा, हवाही तेव्हा छान असते.

न नेण्याची कारणंही सांगते. थोडं चाललं तरी धाप लागते, छातीत दुखतं, पाठीवर किंवा ढुंगणावर जखम आहे, चक्कर येऊन अलीकडे पडल्यात, किंवा अंधार पडला की त्या गोंधळतात आणि घरच्यांना ओळखत नाहीत: यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. बाकी त्रास होईल म्हणून घरी ठेवायचं, हे त्यांना विचारून ठरवा. मुलासमोर नाही, कारण मुलासमोर त्या "मला कशाला, तुम्ही जा" असंच म्हणतील. तुम्ही एकट्या विचारा, आणि लगेच उत्तर मागू नका.

ऑपरेशनला नेमके किती महिने झाले, कोणत्या बाजूचा खुबा आणि घरची गाडी कोणती, हे कळवलंत तर पुढे-मागे कोणत्या सीटवर, कोणत्या दारातून बसवायचं ते नेमकं सांगते.